गोदाक्कांचा चालता मोर

नांदखेड गावात गोदाक्कांच्या रांगोळीला तोड नव्हती. पण साठी उलटली आणि गुडघ्यांनी संपच पुकारला. खाली बसणं बंद. डॉक्टर म्हणाले, “आता चालत राहा.” सुनेने मोबाइलवर अशी सोय करून दिली की त्या जिथून चालतील तिथून नकाशावर रेघ उमटेल. झालं! गोदाक्कांनी अख्खं गावच अंगण मानलं आणि पायांनी मोर काढायला घेतला.

पाच दिवसांत वेशीकडून पिसारा फिरला, बाजारातून मान वर गेली, तळ्याकाठी चोच झाली. चित्र चावडीवर लावायचंही ठरलं. उरला फक्त डोळा. आणि तो पडत होता नेमका कासार आळीत, हौसाबाईंच्या दारात!

हौसाबाई त्यांची बालमैत्रीण. नऊ वर्षांपूर्वी स्पर्धेत दोघींनी मोरच काढला आणि पहिला नंबर हौसाबाईंना मिळाला. तेव्हा गोदाक्का भर मंडपात म्हणाल्या, “हिने माझी नक्कल मारलीय.” ते साफ खोटं होतं. मोर काढायला हौसानेच त्यांना शिकवलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

सून म्हणाली, “आई, फोन द्या, मी मारून येते चक्कर.”

“छे गं! माझ्या रांगोळीत दुसऱ्याची रेघ?” गोदाक्का ताठ्यात निघाल्या. पण वाटेत मनात आलं, रेघ माझी खरी, मोर कुणाचा?

खाली मान घालून त्या दारापुढून वळू लागल्या. ओट्यावर हौसाबाई तांदूळ निवडत होत्या.

“एवढ्या वळणाला नऊ वर्षं लागली होय गं?”

न ऐकल्यासारखं करून निघून जाता आलं असतं. गोदाक्का थांबल्या. “हौसा, चुकलं माझं. मोर तुझाच होता. मी खोटं बोलले.”

हौसाबाईंनी सूप बाजूला सारलं. “मग बस की. ओट्यावर बसायला काही गुडघे दुखत नाहीत.”

दोघी रडल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला. डोळ्याची चक्कर मात्र राहूनच गेली.

गोदाक्का घरी आल्यावर सुनेने नकाशा उघडला आणि हसतच सुटली. माणूस एका जागी बसलं की ती रेघ तिथेच घुटमळते. दोन तास घुटमळून तिने ओट्यावर काळाभोर ठिपका केला होता. मोराला डोळा मिळाला होता!

चावडीवर चित्र लागलं, तेव्हा गोदाक्कांनी खाली मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं: ‘मोर हौसाबाईंचा. पाय गोदाक्कांचे.’

तात्पर्य: ज्याच्याशी आपण चुकीचं वागलो, त्याच्या दारी आपल्याच पायांनी जावं, आणि चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच कबूल करावी.