परक्यांच्या हातची खांड

बांधाचा हा तुकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पलीकडे उघाडीपर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दारापर्यंत, चिरे कसे ओळीत बसलेत, सांधे जुळलेत. इथे मात्र कुठला तिरका, कुठला पालथा, एखादा चक्क उभा. गवंड्याने पाहिलं तर कपाळावर हात मारून घेईल. पण हा तुकडा सरळ करायची आमच्या निवेखार गावात कुणाची छाती नाही. याला आम्ही परक्यांची खांड म्हणतो. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ते बुजून किती पिढ्या लोटल्या कोण जाणे, नाव अजून खांडच आहे.

या अंगाला खाडी, त्या अंगाला भात, आणि मध्ये एवढा बांध. खारं पाणी आत शिरलं तर उभं पीक जातंच, वर जमिनीत मीठ बसतं आणि पुढे दोन-तीन पावसाळे तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. ही शेतं मुळात खाडीतूनच काढलेली. ज्यांनी चिरे वाहिले, चिखल तुडवला, त्यांनी ती वाटून घेतली. तेव्हापासून एक नियम पडला म्हणे : बांधाच्या ज्या तुकड्याला ज्याचा हात लागेल, त्याचा मागच्या शेतात वाटा. करणाऱ्यांनी नियम चांगल्या मनाने केला होता. पुढे त्याचं काय झालं ते ऐका.

या तुकड्यामागचं शेत चिमाबाईच्या नवऱ्याचं होतं. तो गलबतावर गेला आणि परत आला नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर निरोप नाही. चिमाबाई कुंकू लावायची आणि त्याच्या आंधळ्या आईला सांभाळायची. दोघींच्या पोटाला हे एवढंच शेत. नवऱ्याचा चुलतभाऊ सुभाना याची जमीन शेजारीच होती, आणि या शेतावर त्याचा डोळा होता. त्याला वाईट माणूस म्हणतात. मी म्हणतो, आमच्यातलाच एक होता. संधी दिसली की आपलेही हात शिवशिवतात.

कोजागिरीच्या सकाळी बांधाला खांड पडली. कुर्ल्या-खेकड्यांनी आतून पोखरलं असणार. भात कापणीला आलं होतं, लोंब्या वाकल्या होत्या. पुनवेचं उधाण दुपारी भरतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे दुपारच्या आत खांड बुजली तर शेत, नाहीतर मीठ. चिरे होते, नवऱ्याने जाण्याआधी काढून रचून ठेवले होते. नव्हते ते हात.

शेजाऱ्यांना दया नव्हती असं नाही. पण चिरा उचलायला कुणी वाकला की सुभाना पुढे येई आणि विचारी, ‘वाटा मागायचाय काय रं?’ माणूस चिरा खाली ठेवून घरी जाई. सुभाना स्वतः मात्र बांधावर ठाण मांडून होता, सोबत चार गडी आणि टोपल्यांत कालवलेला चिखल.

तो म्हणाला, “वयनी, येकदा हां म्हन. घटकाभरात बुजवून देतंय.”

चिमाबाईने हां म्हटलं असतं तर शेत वाचलं असतं, पण सगळी खांड सुभानाच्या हातची म्हणून त्याचंच झालं असतं. ती एकटी चिरे ओढत राहिली. एक बसवावा तर दुसरा पाण्याबरोबर निसटून आत जाई. पाणी पोटरीपर्यंत आलं तेव्हा तिला कळून चुकलं की हे आपल्याच्याने होणार नाही. आणि तेव्हाच तिला ती गोष्ट सुचली, जी गावात कुणाला सुचली नव्हती. वाटा घ्यायला गावात राहावं लागतं. वाटसरू वाट्यासाठी कशाला थांबेल?

बंदराहून घाटावर जाणारी वाट तेव्हाही इथूनच जायची. चिमाबाई चिखलाने माखलेली वाटेवर जाऊन उभी राहिली. पहिला आला तो एक घोडेस्वार. त्याने वेडी समजून तिला वळसा घातला. मग देवाला निघालेलं एक कुटुंब आलं. त्यांना सोवळं मोडायचं नव्हतं. मग मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा आला. तिने पुढच्या बैलाच्या पायात अंग टाकलं.

“दादा, येक चिरा लावा. येकच. मंग जावा तुमी.”

तांड्याचा म्होरक्या घाटावरचा माणूस. तो चिडून म्हणाला, “बाई, ऊन व्हायच्या आत चढ चढायचाय. आमचं काय हाय हितं?”

“कायबी नाय,” ती म्हणाली. “म्हनूनच तुमास्नी इचारतंय.”

म्होरक्याने गोण्या उतरवायला लावल्या, असं सांगतात. ज्याचा काही संबंध नाही त्याच्याच पाया पडायची पाळी एखाद्या बाईवर यावी, तेही स्वतःच्या गावात, यापरती लाज गावाला कुठली?

तांडेवाले पाण्यात उतरले. त्यांना चिरा बसवायची अक्कल कुठून असणार, त्यांनी गोण्या रचाव्यात तसे चिरे रचले. मागून एक कासारीण आली. तिने बांगड्यांची पेटी वाटेवर ठेवून कासोटा घातला. एक गोसावी आला, त्याने झोळी झाडाला अडकवली. चिमाबाई एकेकाला हात जोडून तेच शब्द बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज बसला. शेवटी ती नुसता चिरा पुढे करायची. सुभानाचे गडी बघत होते. त्यातल्या एकाने मान खाली घातली म्हणे, पण तोही हलला नाही.

सूर्य डोक्यावर आला, उधाण भरलं. चिरे उभे राहिले, पण सांध्यांतून पाणी फुटत होतं. चिखल थापावा तर धुऊन जाई. तांडेवाले थकून बाजूला झाले. म्होरक्या म्हणाला, “बाई, आता न्हाई व्हत.” चिमाबाईने पाठ त्या चिऱ्यांना लावली आणि ती तिथेच पाण्यात बसली. तिला उठवायला कुणी धजावलं नाही.

चिरे लावलेल्या वाटसरूंत सावंतवाडीकडचा एक चितारी होता. खेळणी करायचा. डोक्यावरच्या पाटीत पांगाऱ्याच्या लाकडाचे ठोकळे होते, पोरं एकावर एक रचून घर करतात तसले. दिवाळीच्या बाजारात विकायला तो ते नेत होता. रंग चढायचा तेवढा बाकी होता. त्याने आपला चिरा केव्हाच लावला होता, तो निघून गेला असता तर कुणी बोल लावला नसता. तो बराच वेळ पाटीकडे बघत उभा राहिला. मग तो खाली उतरला आणि एकेक ठोकळा सांध्यात घालून दगडाने ठोकू लागला. कोरं, सुकं लाकूड पाण्याने फुगलं आणि सांध्यात घट्ट बसलं. पाझर आधी बारीक झाला, मग थांबला. पाटी रिकामी झाली होती.

चिमाबाईने त्याचं नाव विचारलं. त्याने मान हलवली. “नाव सांगलंय तर गाववाले वाटो लावतले माका,” असं म्हणून तो हसला, आणि पाटी काखेत मारताना म्हणाला, “औंदा पोरां दगडांनीच खेळतली.”

पाणी ओसरलं. शेत वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी सुभानाने पंच गोळा केले. त्याचं म्हणणं सरळ होतं : चिरे परक्यांनी लावले, म्हणून शेत परक्यांचं, परके गेले, म्हणून शेत बेवारशी, बेवारशी शेत भाऊबंदाकडे यावं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. नियमात ते बसत होतं.

चिमाबाईचा आवाज अजून बसलेलाच होता. ती म्हणाली, “शेत परक्यांचा, ह्या मला कबूल. पन ते गेलं नायत. वाट हाय तवर ते येत ऱ्हातील. त्यांचा भात मी राखतंय.”

पंचांनी शेत तिच्या राखणीत ठेवलं. एका वाक्यात तिने शेत सुभानापासून वाचवलं, आणि त्याच वाक्यात ते स्वतःच्या हातून सोडलं. तो भात तिने कापला, कांडला, शिजवला, आणि पहिलं पान वाटसरूला वाढलं. मग सासूला, मग उरलं तर स्वतःला. ज्या दिवशी वाटेवर कुणीच आलं नाही, त्या दिवशी ती सासूला शेजारणीकडे जेवायला बसवायची आणि स्वतः उपाशी राहायची, असं सांगतात. संध्याकाळपर्यंत ती या बांधावर उभी असायची. आल्या माणसाचं तोंड ती जरा जास्तच वेळ न्याहाळायची म्हणे. तिचा माणूस काही आला नाही.

आजही या तुकड्याला निवेखारचा कुणी हात लावत नाही. चिरा निसटला की आम्ही वाटेवर येऊन उभे राहतो आणि दिसेल त्या परक्याला हात जोडतो. शिकलेली पोरं कुरकुरतात, पण तीही उभी राहतात. मागच्या शेतावर कुणाचं नाव नाही. पाळीपाळीने आम्ही ते कसतो आणि त्यातलं दाणाभरही घरी नेत नाही.

तेव्हा हा चिरा धरा. कसाही बसवा, चालेल. नाव सांगू नका, आम्ही विचारणार नाही. मग हात धुऊन घरात चला, पानं मांडलीत. आणि जेवताना संकोच करू नका. भात तुमचाच आहे, आम्ही तो नुसता राखला.