वैशाखातला धबधबा

डोंगरातल्या पाट्यांना नुकतंच बोलता येऊ लागलं होतं आणि खोटं बोलायला त्या लगेच शिकल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

गवळवाडीच्या माथ्यावर खडकात कोरलेलं एक टाकं होतं. झऱ्यावर भरणारं ते टाकं वैशाखातही आटत नसे. वाडीच्या म्हशी तिथंच पाणी पीत. मग तालुक्याच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी झाली. पाहुण्यांना भर उन्हाळ्यात धबधबा दिसावा म्हणून झऱ्याचं पाणी नळानं कड्यावर नेलं. टाकं कोरडं पडलं.

महिन्याभरात टाक्याशी चकचकीत पाटी उभी राहिली : ‘प्राचीन पाणवठा. पाण्यात उतरू नये.’

मोरी म्हैस तहानेनं तिथं आली. “कुठल्या पाण्यात गं बाई?” तिनं विचारलं.

“मोरीताई, जरा बाजूला सरका, फोटोत येताय,” पाटी म्हणाली. “तालुक्याचं नाव होतंय, ते बघा की!”

“नाव पिऊन माझं पारडू जगतं होय?”

“तक्रार लेखी द्या.”

मोरीनं खांबाला पाठ लावली आणि अशी खसाखसा घासली की पाटी टाक्यात तोंडघशी पडली. केवढा खडखडाट झाला! पाणी असतं तर नुसतं डुबुक झालं असतं.

मग वाडीच्या सगळ्या म्हशी घेऊन मोरी धबधब्याखालच्या डोहात जाऊन बसली. पाहुणे ओरडले, “अरे, हटवा यांना! सगळा देखावा बिघडवला!”

मोरी पाण्यात आणखी खोल बसली.

“पाणी आमचंय,” ती म्हणाली. “देखावा हवा तर न्या उचलून.”