ओला हात

जिथं पाणी फार खोल गेलेलं असतं अशा एका उजाड माळावर एक गाव होतं. गावच्या विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी दिसत नसे, तळाशी नुसता एक चकाकता ठिपका दिसे. म्हणून त्या गावात दोराला फार मान. पाणी दोरानं वर यायचं, गाळ दोरानं निघायचा, आणि गाळ काढायला माणसंही दोरानंच खाली उतरायची. दोर तुटला की माणूस गेला, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

त्यामुळे तिथं एक रीत पडली होती. मोठा दोर ज्या घरात वळला त्या घरच्या कर्त्या पुरुषानंच तो विहिरीच्या खांबाला बांधायचा, सगळ्यांसमोर हातापायांनी धरून खाली उतरायचं, पाण्यात हात बुडवायचा आणि वर येऊन तो ओला हात गावाला दाखवायचा. मगच दोर विकला जायचा. कमरेला गाठ मारून उतरलेलं चालत नसे. ‘गाठ मारली की गाठीची परीक्षा होते, दोराची नाही,’ असं जुने लोक म्हणत, आणि त्यावर पुढं कुणी विचार करत नसे.

गावाच्या कडेला दोर वळणाऱ्यांचं एक घर होतं. घरात एक बाप, त्याची थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली होती. भाऊ तिला अक्का म्हणायचा, म्हणून सगळं गावच तिला अक्का म्हणे. अंगणाच्या एका टोकाला अक्का दोराला पीळ भरणारी आकडी फिरवत उभी राहायची, आणि दुसऱ्या टोकाला भाऊ तीन पेड एकमेकांत सोडत मागं मागं सरकायचा. दोर एकट्याला वळता येत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच.

भावाच्या हातात कसब होतं. त्याच्या दोरावरून अंगठा फिरवला तर कुठं अडखळत नसे. पण त्याला एक दुखणं होतं. त्याला भीती वाटायची. वाघाची नाही, भुताची नाही. कशाचीच नाही आणि सगळ्याचीच. चार माणसं जमली, कुणी मोठ्यानं हाक मारली, दारात अनोळखी वहाणा दिसल्या, की त्याच्या छातीत कुणी जातं ओढायला बसल्यासारखी घरघर सुरू व्हायची. श्वास पुरेनासा व्हायचा, बोटं बधिर पडायची, आणि आपण आता मरणार अशी त्याची खात्रीच पटायची.

“अक्का, आलं ते,” एवढंच तो म्हणायचा.

अक्का त्याच्या हातात वाखाची, म्हणजे दोराच्या तंतूंची, बट द्यायची. ते ओसरेपर्यंत तो मांडीवर दोरी वळत बसायचा. अशा वेळी वळलेल्या दोरीला पीळ जास्त असायचा. घरातली कुठली दोरी वाईट दिवसातली, हे अक्का डोळे मिटून बोटांनी सांगू शकायची.

बाप होता तोवर विहिरीत बाप उतरायचा. बाप गेला, आणि नवा दोर खांद्यावर टाकून भाऊ विहिरीवर गेला. काठाला हात लावला आणि तिथंच मटकन खाली बसला. अंगातला सदरा घामानं चिंब झाला.

“अरे बाबा, हात ओला करून दाखवायचा असतो, सदरा नव्हे!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

पाटील हसला नाही. तो म्हणाला, “ज्याचा स्वतःच्या दोरावर भरवसा नाही, त्याच्या दोराला आम्ही का लोंबकळावं?”

“दोराची भीती नाही मला,” भाऊ कसाबसा म्हणाला. “दोराला दगड बांधून सोडा की, पाटील. माणसाच्या दुप्पट वजनाचे सोडा. दगडाला भीती नसते.”

“आणि दगड वर येऊन हात दाखवणार होय?” पुन्हा हशा पिकला.

त्या दिवसापासून मोठ्या दोराचा धंदा त्या घरातून उठला. वरच्या आळीत आणखी एक दोरवाला होता. तो गाणं म्हणत विहिरीत उतरायचा आणि हसत वर यायचा. लोक त्याचे दोर घेऊ लागले.

पण पोट कुणाला चुकलं आहे? बहीणभावानं भीतीला वळसा घालून कमावायच्या वाटा शोधल्या. वासरांची दावी, शिंकी, गोफणी अशा ज्या वस्तूंसाठी कुणाला विहिरीत उतरावं लागत नाही, त्या भाऊ वळायचा, आणि बाजारात अक्का विकायची. बाजा विणायची कामं तो भर दुपारी करायचा, माणसं रानात गेलेली असताना. लोहाराची म्हातारी तर दोरी हवी असली की उंबऱ्यावर धान्य ठेवून, न बोलता निघून जायची. भाऊ दोरी तिथंच ठेवायचा आणि दाराआड उभा राहायचा. ज्या दिवशी ‘ते’ यायचं त्या दिवशी ते ओसरल्यावर नुसता वाख विंचरायचा, विकायच्या दोराचे पेड वळायला बसायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घाटाखालचा एक व्यापारी अधूनमधून यायचा. घाटाखाली पाणी वर होतं, तिथं दोराला माणसं नाही, गाठोडी बांधत. तो परीक्षा मागत नसे. मात्र भाव अर्धाच देई.

असं चाललं होतं. पोट भरत नव्हतं, पण रिकामंही राहत नव्हतं. भाऊ कधी कधी काम करताना गुणगुणायचासुद्धा.

अक्काला मात्र बाजारात बोलणी खावी लागत. “काय गं अक्का, भाऊ घरात आणि तू बाजारात? त्याला पदर घ्यायला शिकव आता,” असं बायका म्हणायच्या. अक्का हसून सोडून द्यायची. पण ते शब्द तिच्यासोबत घरी यायचे आणि चुलीपाशी बसायचे.

मग एक वर्ष पाऊस झाला नाही. लोकांनी जनावरं विकली. वासरंच नाहीत तर दावी कुणाला हवीत? दूधदुभतं नाही, शिंकी कशाला? घरात विकायला होतं ते सगळं पडून राहिलं. विहिरीचं पाणी आणखी खाली गेलं आणि गावातले सगळे दोर तोकडे पडले. सांधलेल्या दोरावरून कुणी उतरायला धजेना. सलग, लांब, एकसारखा दोर हवा होता.

वरच्या आळीतला दोरवाला स्पष्टच म्हणाला, “एवढा लांब दोर एका पिळाचा मला जमायचा नाही. तो हात गावात एकाच घरी आहे.”

पाटील स्वतः दारात आला. “दोर वळा. पुढच्या सुगीपर्यंत पुरेल इतकी ज्वारी माझ्या पेवातून देतो. पण रीत ती रीत. ओला हात दाखवावा लागेल.”

भाऊ दाराआड होता. तो बाहेर आलाच नाही.

बहीणभावानं दोर वळला. उपाशीपोटी वळला, तरी असा उतरला की अक्कानंही तसा कधी पाहिला नव्हता. तो वळून झाला त्याच आठवड्यात घाटाखालचा व्यापारी आला. दोर हातात घेऊन म्हणाला, “अर्धी ज्वारी देतो. आत्ता देतो.”

“अक्का, देऊन टाकू,” भाऊ घाईघाईनं म्हणाला. “अर्ध्यात भागवू. मी एकवेळ जेवेन.”

अक्का दोराकडे पाहत राहिली. तिला बाजारातल्या बायका आठवल्या. आपण म्हातारी होऊ, मरू, मग याचं दुसरं टोक कोण धरणार, हेही मनात आलं. तिला वाटलं, एकदाच उतरला तर भीती मोडेल. काटा काढताना दुखतं, पण नंतर पाय मोकळा होतो, तसं.

“जन्मभर अर्ध्यातच राहायचं का रे?” ती म्हणाली. “सगळे उतरतात. बाबा उतरायचे. तू एकदा उतर. माझ्यासाठी.”

 भावानं वाखाची एक बट उचलली आणि मांडीवर वळायला घेतली. व्यापारी रिकाम्या हातांनी निघून गेला.

ठरलेल्या सकाळी अख्खं गाव विहिरीवर जमलं. भावानं दोर खांबाला बांधला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं हळूच विचारलं, “पाटील, कमरेला एक गाठ मारू का? एवढी एकच सवलत द्या.”

“गाठीची परीक्षा घ्यायला जमलो नाही आपण,” पाटील म्हणाला.

भावानं अक्काकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर तो घरी आला असता. तिलाही ते कळत होतं. तिनं मान हलवली. जा, अशी.

तो उतरला. सुरुवातीला लोक ओरडून त्याला उत्साह देत होते. “शाब्बास! बघा, जमतंय की!” अक्का काठावर ओणवी होऊन त्याचं डोकं लहान लहान होताना पाहत होती. अर्ध्यावर तो थांबला.

खालून आवाज आला, “अक्का, आलं ते.”

विहिरीतून तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. अक्कापाशी त्याच्या हातात द्यायला काही नव्हतं. असतं तरी तिथवर हात पोचला नसता.

“ओढा त्याला! वर ओढा!” ती किंचाळली. चौघांनी दोराला हात घातला. पण दोर हलका लागला. तोवर त्याची बोटं सुटली होती.

त्याला काढायला दोन धट्टेकट्टे गडी उतरले, ते त्याच दोरावरून. दुसरा तेवढा लांब दोर गावात नव्हताच. येताना दोघं आणि तिसरा तो, तिघांचं वजन त्या दोरानं पेललं. दोर कुरकुरलासुद्धा नाही. तळाच्या खडकावर तो पडला होता. एक हात तेवढा पाण्यात होता.

पाटलानं ज्वारीची पोती पाठवून दिली. शब्दाला तो पक्का होता. अक्कानं ती ज्वारी दळली आणि खाल्ली. भूक होती. अंगणातली आकडी तशीच राहिली. ती फिरवून करायचं काय, दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

वर्ष फिरलं. पाऊस झाला आणि विहिरीचं पाणी पुन्हा जुन्या जागी आलं. वरच्या आळीतला दोरवाला नवा दोर घेऊन विहिरीवर आला. लोक जमले. दोर बांधून तो काठावर पाय टाकणार तोच अक्का गर्दीतून पुढं आली. डोक्यावर पाटी, पाटीत दगड. तिनं पाटी काठावर उतरवली आणि म्हणाली,

“आधी हे उतरतील.”

“अक्का, रीत आहे,” पाटील हळू आवाजात म्हणाला.

“रीतीनंच उतरला होता माझा भाऊ. दोर तुटला होता का, पाटील?”

पाटलानं मान हलवली. नाही, अशी.

“मग परीक्षा कशाची झाली ती?”

पाटलानं मान खाली घातली. वरच्या आळीतल्या दोरवाल्यानं पुढं होऊन दगडांची पाटी दोराला बांधली. बांधता बांधता फक्त तिलाच ऐकू जाईल असं तो म्हणाला, “अक्का, मी गाणं म्हणायचो ना, ते दात वाजलेले कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून.”

पाटी खाली गेली. पाण्यात बुडाली. लोकांनी ओढून वर घेतली. सगळे दगड ओले होऊन वर आले, आणि त्यांच्याकडे पाहून या वेळी कुणीही हसलं नाही.

तेव्हापासून त्या गावात दोर दगडांनीच पारखतात. पाटी अक्काची असते. तिची कडी एका बारीक दोरीची आहे. व्यापारी परत गेला त्या दिवशी वळलेली, फार जास्त पीळ पडलेली. ती अजून तुटलेली नाही.

तात्पर्य एवढंच: माणसाची भीती हा त्याच्या कामातला दोष नसतो. त्याची भीती मोडायला जाऊ नये. भीतीसकट त्याला पोट भरता येईल अशी सोय करावी. ती सोय पुष्कळदा त्यानंच आपल्याला सांगितलेली असते, आणि आपण हसलेलो असतो.