अंजिरं घाट उतरतात

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं अजून बोलत असत आणि माणसंही कधीमधी थांबून त्यांचं ऐकत असत.

त्या काळी एका राज्याच्या पार टोकाला, डोंगराच्या माथ्यावर, एक गाव होतं. ढग जाता-येता त्या गावातूनच जात. सकाळी दार उघडावं, तर उंबऱ्याशी ढग बसलेला. बायका बाजूला सरून त्याला वाट देत, आणि तो घरभर हिंडून मागच्या दाराने निघून जाई. गाव असं देखणं, पण जमीन उतरणीची आणि मुरमाड. नाचणी पिकायची, ती सहा महिने पुरायची. उरलेले सहा महिने माणसं खाली सपाटीवर परक्यांच्या शेतात राबायला जात. गेलेल्यांतली काही दरसाल परत येत नसत.

राज्याच्या राणीला ही गोष्ट सलत होती. तिने चंद्राक्का नावाच्या बागवान बाईला बोलावून घेतलं. झाडाच्या खोडाला हात लावला की अक्काला त्याची तहान कळते, असं लोक म्हणत.

"अक्का," राणी म्हणाली, "त्या डोंगरावर एक मळा आणि एक विहीर तुम्हाला देते. वेळ लागेल तेवढा घ्या. पण तिथल्या माणसांना तिथेच धरून ठेवील, असं एक झाड शोधून द्या."

अक्का डोंगरावर गेली ती तिथलीच झाली. पहिली काही वर्षं संत्र्यात गेली. फुलं येत आणि वारा ती झोडपून नेई. मग पेरू लावले, तर कडाक्याच्या एका थंडीत फळं काळी पडली. डाळिंबं ओलाव्याने डागाळली. अक्का खचली नाही. कोणत्या झाडाला किती पाणी घातलं, कोणती फांदी कधी छाटली, पान कोणत्या दिवशी पिवळं पडलं, सगळं ती हाताने शिवलेल्या पोथीत लिहून ठेवी.

आठव्या वर्षी तिने अंजीर लावलं. ते त्या मुरमात असं रुजलं, जणू कुठून तरी आपल्या घरी परत आलं होतं. ढग विरळ झाले, उन्हं तापली, तशी फळं जांभळी होऊन माना टाकू लागली. प्रत्येकाच्या टोकाशी मधासारखा एक थेंब. पाहुणी म्हणून आलेल्या राणीने एक फळ तोंडात टाकलं आणि लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

मग काय, गावाने नाचणीची बरीचशी शेतं मोडली आणि अंजिरं लावली. पुढची तीन वर्षं गावावर एक गोड स्वप्न पसरून होतं. माणसं संध्याकाळी बांधावर बसत, हिरव्या पानांतून वारा वाहताना ऐकत आणि हळू आवाजात पुढचं बोलत. सपाटीवर गेलेल्या लेकांना निरोप गेले, "परत या, झाडं फळावर आली आहेत."

पहिला हंगाम आला. टोपल्या भरभरून अंजिरं गाढवांच्या पाठीवर लादली. दीड दिवसाची वाट, घाट उतरून सपाटीवरचा मोठा बाजार. चौथ्या दिवशी गाढवं परतली, तेव्हा त्यांच्याबरोबर आंबूस वास आला. अर्धी फळं उकिरड्यावर टाकावी लागली होती, आणि उरलेल्यांकडे कोणी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या बाजाराला तेच. तिसऱ्याला तेच.

"फळात खोट नाही," अक्का म्हणाली. "खालच्या लोकांच्या जिभेलाच चव नाही. थांबा, मी ते आणखी गोड करते."

तिने पोथी उघडली, पाण्याच्या पाळ्या बदलल्या आणि फळं आणखी दोन दिवस झाडावर राहू दिली. अंजिरं खरोखरच आणखी गोड झाली. आणखी मऊही झाली. त्या आठवड्यात बाजारात पोचला तो नुसता रगडा.

मग गावचा पाटील मळ्यात आला. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. त्याने ती आत आणली नाही, कुंपणाला टेकवून ठेवली.

"अक्का," तो म्हणाला, "तुमचा शब्द आम्ही देवाचा मानला. पण आमच्या कणग्या रिकाम्या आहेत. दोन घरं कालच कुलपं लावून गेली. माझ्या भावाने तर अंजिराची एक ओळ तोडलीसुद्धा. नाचणीची पेरणी साधायची, तर रानं आत्ताच मोकळी करायला हवीत."

"पाटील, मी बारा वर्षं..."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारायला आलो. नाहीतर विचारलं नसतं."

अक्का बराच वेळ झाडाच्या खोडाला हात लावून उभी राहिली. झाडाला तहान नव्हती. झाडाचं काहीच दुखत नव्हतं. मग दुखतंय तरी कुठे? हे तिला कळेना.

"या बाजाराला मी स्वतः जाते," ती शेवटी म्हणाली. "तोवर थांबा."

इतक्या वर्षांत अक्का एकदाही घाट उतरली नव्हती. पहाटे गाढवं निघाली. हाकणारा म्हातारा पुढे होता, अक्का सगळ्यात मागच्या राखाडी गाढवीबरोबर चालत होती. धुकं असं दाट, की पुढच्या गाढवांच्या घंटा ऐकू येत, पण गाढवं दिसत नसत. जग विरघळून गेलं आहे आणि आपण ढगातून ढगात चाललो आहोत, असं अक्काला वाटू लागलं. पावलांचा आवाज आणि अंजिरांचा वास, एवढंच उरलं होतं.

"अक्का, इथे जपून हं," गाढवी म्हणाली. "याला आम्ही रडका उतार म्हणतो."

"रडका कशाला?"

"इथवर येईस्तोवर तळाची अंजिरं फुटतात. रस टोपलीतून गळतो, माझ्या कुशीवरून ओघळतो. पुढे बाजारापर्यंत गांधीलमाश्या सोबतीला असतात."

अक्काने तिच्या कुशीवरून हात फिरवला. केस चिकट झाले होते. बोटं नाकाशी नेली. मधाचा वास होता, आणि त्याच्या मागून हळूच येणारा आंबूसपणा.

"अगं, मग आजवर बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी?" गाढवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही वर झाडांशी बोलत होता. झाडं शहाणी असतात, पण अक्का, झाड कधी घाट उतरलंय का?"

 उरलेली वाट ती टोपलीवर हात ठेवून चालली. कुठे गचका बसतो, कुठे ऊन लागतं, कुठे फळं एकमेकांवर घसरतात, ते सारं तिच्या तळव्याला कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिने एका वडाखाली टोपल्या मांडल्या. माणसं येत होती, जात होती. एका बाईने वरचं अंजीर उचललं, हुंगलं, तिचा चेहरा उजळला. मग तिने ते अलगद परत ठेवलं आणि ती चालू लागली.

अक्काला ते फार लागलं. बारा वर्षांचं काम त्या बाईने हुंगून परत ठेवलं होतं. अक्का उठली आणि तिच्या मागे गेली.

"का गं बाई? न घेता का चाललीस?"

बाई दचकली, मग हसली. "मावशी, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. घेणाऱ्याला सगळे विचारतात, आणखी काय देऊ म्हणून. घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. तिला दात नाहीत, हे मऊ फळ तिला चाललं असतं. पण तुम्ही विकता टोपलीने. टोपलीभर घेऊन आम्ही दोघी करू काय? आणि वरची चार छान आहेत, खालची कशी आहेत कोणास ठाऊक."

अक्का वडाखाली परतली. मग टोपल्या हाकणाऱ्या म्हाताऱ्यावर सोपवून ती दिवसभर एकच काम करत राहिली. जो थांबून, पाहून, न घेता निघून जाई, त्याच्या मागे ती जाई.

"बाबा, का नाही घेतलंत?"

"हे उंबरच ना?" एक शेतकरी म्हणाला. "उंबर फोडून केंबरं कोण काढत बसणार? आत किडे असायचे."

"याची साल काढायची की सालीसकट खायचं?" एका तरण्या मुलीने विचारलं. "ते कळेना, म्हणून लाज वाटली."

परतीच्या वाटेवर अक्काचं डोकं लखलखीत झालं होतं. गावात पोचताच ती पारावर उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "खालच्या लोकांच्या जिभेला चव नाही, असं मी म्हणाले. ते खोटं होतं. बारा वर्षं मी झाडाला विचारत राहिले. वाटेला विचारलं नाही. आणि खाणाऱ्याला तर नाहीच नाही. मला आणखी दोन बाजार द्या."

कोणीतरी पुटपुटलं, कोणीतरी रडलं. पाटलाने खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडे पाहिलं, मग अक्काकडे. "दोन," तो म्हणाला. "त्यापुढे नाही."

अक्काने आठ टोपल्या भरल्या, प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने. एकीत दुपारी तोडलेली फळं, दुसरीत दव वाळताच तोडलेली. एकीत देठ खुडलेली, दुसरीत देठासकट. एक खोल टोपली, एक उथळ, एकीत गवताची गादी. आणि एकीत थेंब येण्याच्या आदल्या दिवशी उतरवलेली, किंचित टणक फळं. प्रत्येक टोपलीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. तिने त्या गाढवांबरोबर घाटाखाली नेल्या आणि बाजारात स्वतःच्या हाताने उघडल्या. सातांमधली फळं कमी-अधिक बिघडली होती, त्यांतल्या त्यात दव वाळताच तोडलेली, देठासकटची आणि उथळ टोपलीतली कमी. आदल्या दिवशी उतरवलेली तेवढी शाबूत होती, मात्र तळाची तीही चेपली होती.

उत्तर मिळालं होतं, पण ते घेऊन परतताना तिचं मन जड झालं. तिने पाटलाला दोन अंजिरं दिली, एक थेंबाचं आणि एक आदल्या दिवशीचं.

पाटलाने दोन्ही खाल्ली. "अक्का, खोटं बोलणार नाही. पहिलं जास्त गोड आहे."

"हो."

"पण ते खाली पोचत नाही."

"नाही पोचत," अक्का म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तो एक थेंब मिळवायला तिची बारा वर्षं गेली होती. आता तोच सोडून द्यायचा होता.

दुसऱ्या, शेवटच्या बाजारासाठी सगळं गाव मळ्यात आलं. दव वाळताच बायकांनी थेंब न आलेली फळं देठासकट उतरवली. पुरुषांनी उथळ टोपल्या विणल्या. म्हाताऱ्यांनी पळसाच्या पानांचे द्रोण लावले, एका द्रोणात सहाच अंजिरं, सगळी उघडी, सगळी दिसणारी. रडक्या उतारावर गाढवं सावकाश चालवली. आणि बाजारात अक्का वडाखाली उभी राहून दर थोड्या वेळाने एक अंजीर सगळ्यांसमोर चिरू लागली. आतला गुलाबी गर उन्हात चमकला.

"बघा, किडा नाही. हे उंबर नव्हे, अंजीर. सालीसकट खायचं. या, आधी चाखा."

मागे अंजीर हुंगून परत ठेवणारी ती बाई आली. तिने एक द्रोण उचलला, अर्धं अंजीर चाखलं आणि दुसरा द्रोणही उचलला. मग कोणीतरी तिला पाहून थांबलं. ऊन कलायच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या.

झाडं वाचली. त्या सालचं अर्धं पीक आधीच गेलं होतं, आणि कुलपं लावून गेलेल्या दोन घरांपैकी एकच घर परत आलं. पण पुढच्या वर्षी नाचणी संपली तेव्हा गावातून कोणी सपाटीवर राबायला गेलं नाही. अक्काने पोथीची नवी पानं शिवली आणि त्यांवर बाजारात ऐकलेली उत्तरं, ज्याची त्याच्याच शब्दांत, लिहिली. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्याला ती आधी एक हंगाम बाजारात बसवी, मगच हातात कुदळ देई. आणि त्या गावच्या बायका अजूनही, म्हणे, गिऱ्हाईक रित्या हाताने वळलं की हाक मारतात, "अहो, थांबा, राग नाही, पण का नाही घेतलंत ते तेवढं सांगून जा."

तात्पर्य: आपल्या कष्टांचं खरं मोल जाणायचं असेल, तर जो न घेता परत गेला त्याला आधी विचारावं.