खडकावरचा रावस

खाडीवर पूल झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका खडकावर एक बगळा एकटाच मासे मारत असे. एका सकाळी पाणमांजर आणि खंड्या वाहून आलेल्या होडीत बसून त्याच्यापाशी आले.

"खाडीच्या तोंडाशी रावस आलेत. येतोस का?" पाणमांजराने विचारलं.

बगळ्याला आजवर कुणी असं बोलावलं नव्हतं. तो लगेच होडीत चढला.

दिवसभर तिघे गप्पा मारत फिरले. दुपारी खंड्याने वरून रावस हेरला, पाणमांजराने तो होडीकडे हाकलला आणि बगळ्याने चोच मारली. मासा चांगलाच मोठा होता.

परतताना खडक आला, तसा बगळा रावस ओढत खाली उतरला. "चोच माझी लागली, मासा माझा," तो म्हणाला.

"बरं," पाणमांजर म्हणालं, आणि होडी पुढे गेली.

मासा बगळ्याच्या घशात मावेना. तुकडे करायला त्याला दात नव्हते. पलीकडच्या काठावरून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. हाक मारावी असं त्याला फार वाटलं, पण चोच उघडेना. संध्याकाळी भरती आली आणि रावस घेऊन गेली.

सकाळी पाणमांजर तिकडून पोहत चाललं होतं. "रावस कसा लागला?"

"छान होता," बगळा म्हणाला.

"आम्हाला नंतर बोई मिळाले. तुला गिळता येतील असे दोन लहान ठेवले होते. बराच वेळ वाट पाहिली तुझी."

एवढं बोलून ते निघून गेलं. बगळा उपाशी होता, तरी त्या दिवशी त्याने पाण्यात चोच घातली नाही. पलीकडच्या काठाकडे बघत तो नुसता उभा राहिला.