सर्वांत उत्तम जुळवून घेतलेला माणूस

“मग तो माझ्याशी खोटं बोलला का?”

डॉ. चारुलता येरणे मठाच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आत यायचंही त्यांना सुचत नव्हतं.

समोरच्या म्हाताऱ्या भिक्षूला वस्तीतले सगळे गेन-ला म्हणत. गेन-ला म्हणजे गुरुजी. गोंदियाच्या बाजूला, जंगलाला लागून, तिबेटी लोकांची ही वस्ती होती. गेन-ला लहानपणी बर्फाचे डोंगर ओलांडून आलेले. आता मात्र आसपासच्या शेतकऱ्यांसारखीच झाडीपट्टीची बोली बोलत.

“कोन, लोब्संग? नाई जी. तो खोटं नाई बोलत.”

“म्हणजे खरं बोलला?”

गेन-लांनी चुलीवरच्या किटलीखालचा जाळ सारखा केला…

माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा आतून किती बदलतो, जुनं किती धरून ठेवतो आणि नवं किती आपलंसं करतो, हे मोजायची एक पद्धत बाईंनी बसवली होती. प्रश्न विचारायचे. एक ते पाचमध्ये उत्तर घ्यायचं. कॅनडात गेलेल्या तिबेटी तरुणांना त्यांनी हे प्रश्न विचारले, त्यांत या वस्तीतला लोब्संग सगळ्यांच्या वर आला. तिबेटी म्हणून पूर्ण, तिकडचा म्हणूनही पूर्ण. नाव न सांगता बाई प्रत्येक परिषदेत त्याचं उदाहरण देत. सर्वांत उत्तम जुळवून घेतलेला माणूस.

आणि गेल्या हिवाळ्यात, तिथल्या वृद्धाश्रमातलं काम आटोपल्यावर, हा माणूस गोठलेल्या तळ्यावर चालत निघाला. बर्फ जिकडे पातळ होत जातो तिकडे. कुत्रं फिरवायला आलेल्या कुणीतरी त्याला पाहिलं, म्हणून वाचला. भावानं त्याला वस्तीत आणून सोडलं.

तेव्हापासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

“तिकडचं सरकारी खातं माझी पद्धत वापरणार आहे,” बाई म्हणाल्या. “उद्या कितीतरी लोकांना हेच प्रश्न विचारले जातील. त्यांतलं कुणी असंच बर्फावर चालत निघालं तर? कुठं चुकलं ते मला कळायला हवं. मला त्याला पुन्हा एकदा विचारू द्या.”

“नाई.”

“का?”

“विचारलं तं तो उत्तर देईल. पाची बोटं दाखवून.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “गेन-ला, मी या विषयात आयुष्य घालवलंय.”

“बसा.” ते म्हणाले. मग जरा निरखून पाहत, “येरने म्हंजे तुमी पवनीकडच्या ना? आपल्याच झाडीपट्टीतल्या.”

“आईवडील होते. मी पुण्यात असते.” विषय तोडून बाई आत येऊन बसल्या.

आतल्या दारातून लोब्संग आला. हडकुळा, नीट भांग पाडलेला. बाईंना पाहून त्यानं हात जोडले आणि हसला. बोलला नाही. गेन-लांनी दाखवलेल्या जागी जाऊन बसला.

गेन-लांनी किटली उचलली आणि बाईंच्या वाटीत चहा ओतला. मीठ आणि लोणी घातलेला, त्यांचा चहा.

बाईंनी घोट घेतला. खारट, तेलकट. कसाबसा गिळला.

“आवडला?”

“हो. छान आहे.”

गेन-लांनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली. बाई प्यायल्या. डोळ्यांत पाणी आलं.

“आवडला?”

“…हो.”

“एक ते पाचमंदी किती?”

“चार,” बाई म्हणाल्या.

आणि थांबल्या.

किटली तशीच हवेत होती. समोर लोब्संग त्यांच्याकडे पाहून हसत होता. परदेशात, संगणकाच्या पडद्यावर, प्रत्येक प्रश्नाला त्यानं असंच हसून उत्तर दिलं होतं…

गेन-ला त्याच्याकडे वळले. त्याची वाटी भरली. तो प्यायला. पुन्हा भरली. तो पुन्हा प्यायला.

“लहान होता तं या चहाले पाहूनच पळे,” गेन-ला ओतता ओतता म्हणाले. “गावातल्या पोरायसंग धानाच्या बांधीत लपून बसे. आता देईन तेवढा पेते.”

वाटी रिकामी झाली. भरली. हसू तसंच.

“बस करा,” बाई म्हणाल्या.

गेन-लांनी ओतलं.

चहा लोब्संगच्या हनुवटीवरून ओघळून शर्टावर सांडत होता. गिळताना त्याची मान आखडत होती. तरी वाटी रिकामी झाली की तो ती पुढं धरत होता.

“गेन-ला, त्याला त्रास होतोय. कृपा करून थांबा.”

त्यांनी ऐकलं नाही. म्हाताऱ्याचं तोंड दगडासारखं झालं होतं. बाई इंग्रजीत लोब्संगला म्हणाल्या, नको असेल तर पिऊ नकोस. त्यानं नम्रपणे मान हलवली आणि प्यायला.

किटली पुन्हा वाकली.

बाई ताडकन उठल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

“काहून छळून राहिले जी त्याले!”



आपल्या तोंडून काय निघालं, हे बाईंना उशिरानं कळलं. आई गेल्यापासून त्या या बोलीत बोलल्याच नव्हत्या.

लोब्संग त्यांच्याकडे पाहत होता. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. खाली दुसराच एक चेहरा होता, घाबरलेला, चिडलेला.

गेन-लांनी मनगट सोडवून घेतलं. त्याच्या वाटीवर किटली धरली. ओतलं.

वाटी भिंतीवर जाऊन आदळली.

“नोको!”

आवाज फाटका होता. इतके दिवस न वापरलेला.

“नोको ना जी! मले नाई आवडत! मले… मले काईच नाई आवडत तिकडचं…”

हे तो तिबेटीत बोलला नव्हता, इंग्रजीतही नाही. धानाच्या बांधीत ज्या बोलीत खेळला, भांडला, रडला होता, त्या बोलीत बोलला होता. बाईंच्या प्रश्नांमध्ये त्या बोलीला कुठंच जागा नव्हती.

मग तो गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडायला लागला.

बाई खाली बसल्या. काही विचारलं नाही…

गेन-लांनी किटली ठेवली. ते जवळ सरकले, आपल्या चीवराच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली आणि, तो आत्ताच दारात येऊन उभा राहिल्यासारखं, हळूच विचारलं,

“कवा आला रे बापा?”