राखणीच्या कुत्र्याचं तोंड

नववीतल्या कस्तुरीला मोबाइलवर कुणी अनोळखी माणूस धमकावू लागला, "फोटो पाठव, नाहीतर बदनामी करीन." पोरीनं आपल्या आज्याला, बिरूबा धनगराला, सगळं सांगितलं. गोष्ट सरपंच आप्पासाहेबांच्या कानी गेली. त्यांनी चावडीवर फर्मान सोडलं, "जिला असा मेसेज येईल तिचा फोन जप्त आणि शाळा बंद! सुरुवात उद्या कस्तुरीपासून."

रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालून बिरूबाचे पाय दुखले, तरी त्याला बसवेना. उजाडताच त्यानं सरपंचांचा गोठा गाठला आणि ओळखीच्या राखणदार कुत्र्याचं तोंड दोरीनं बांधलं.

आप्पासाहेब धावत आले. "म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं?"

"परवा बिबट्या आला तवा लई भुंकलं हे, मालक. समद्यांचे कान किटले. म्हणून शिक्षा केली."

"अरे, भुंकलं म्हणून तर शेरडं वाचली! तोंड बांधल्यावर बिबट्या आलेला कळणार कसा?"

"माझ्या नातीनं बी बिबट्या आल्याचंच सांगितलं की, मालक," बिरूबा दोरी सोडत म्हणाला. "तिलाच शिक्षा केलीत, तर उद्या दुसरी कुठली पोर सांगाया येईल?"

आप्पासाहेबांनी तिथंच आपलं फर्मान मागं घेतलं. मग त्यांनी जीप काढली, आजा-नातीला शेजारी बसवलं आणि तो मेसेज न पुसता फोनसकट पोलीस ठाणं गाठलं.